दाढ, पासपोर्ट आणि जामखेड

सुट्टी टाकायची, विमानात बसायचं आणि दूरदेशीच्या गरजू मुलांचे दात तपासून यायचं... कल्पना झकास आहे! पण आपण परतीच्या विमानात बसलो, की त्या मुलांच्या दातांचं पुढे काय होतं? या प्रश्नाचं उत्तर आपल्या नगर जिल्ह्यानं पन्नास वर्षांपूर्वीच शोधून ठेवलंय.

माझ्या तोंडात खाली उजव्या बाजूला एक जागा रिकामी आहे. काही विचार करत असले, की जीभ आपोआप तिथे जाते.

चौथीत होते मी. नगर जिल्ह्यातली आमची साधी, पत्र्याची शाळा. एक दिवस सकाळी जीपमधून परदेशी डॉक्टर आले. आम्ही सगळ्यांनी एका सुरात 'गुड मॉर्निंग' म्हटलं. वर्गातली बाकं व्हरांड्यात आली, त्यावर पांढऱ्या चादरी पडल्या. माझी दाढ तेव्हा बरेच दिवस ठणकत होती. आई रात्री लवंग दाबून ठेवायची, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात डोकावून पाहिलं, मान हलवली, इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत दाढ बाहेर! वर बक्षीस म्हणून निळा ब्रश आणि हसऱ्या चेहऱ्याचं स्टिकर. त्या रात्री मी महिन्याभरानं शांत झोपले. ते स्टिकर दहावीपर्यंत माझ्या कंपासपेटीवर होतं.

पुढे नोकरीच्या निमित्तानं पुण्यात आले. एकदा दात साफ करायला गेले, तर डॉक्टरांनी सहज विचारलं, "ही कायमची दाढ कधी काढली?" कायमची? मी घरी फोन लावला. आई म्हणाली, "अगं, दुधाचीच होती ना ती? पडायचीच आहे म्हणून आम्ही लक्ष नाही दिलं."

पडायची नव्हती. आणि पुन्हा येणारही नव्हती.

यात चूक कुणाची? त्या डॉक्टरीणबाईंची तर मुळीच नाही. तोवर दाढ पार पोखरली होती, दुसरं काही करण्यासारखं उरलंच नसणार. त्या सात समुद्र ओलांडून आल्या, माझं दुखणं थांबवलं. पण खरी मदत मला तीन वर्षं आधी हवी होती, आणि त्यासाठी सात समुद्र ओलांडायची गरज नव्हती. हे माझ्या आईला सांगणारं कुणीतरी गावात असतं, तरी पुरलं असतं.

सहाव्या वर्षी येणारा पाहुणा

मुलांचे दुधाचे दात वीस. ते पडतात, त्यांच्या जागी नवे येतात, हे आपल्याला पाठ असतं. पण सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांच्या पाठीमागे एक दाढ गुपचूप उगवते. वर दोन, खाली दोन. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. ही पहिली कायमची दाढ. पुढे साठ-सत्तर वर्षं भाकरी चावायची ती हिच्याच जिवावर!

गंमत म्हणजे, किडण्यातही हिचाच नंबर पहिला. नवी कोरी असते, वरच्या खाचा खोल असतात, त्यात बिस्कीट, गूळ, चॉकलेट अडकून बसतं. सहा-सात वर्षांच्या पोराचा ब्रश इतक्या मागे पोचत नाही. आणि आईबाप म्हणतात, दुधाचाच आहे, पडेल. शहरातल्या सुशिक्षित घरांतही हा गैरसमज असतो बरं का! तुमच्या घरात त्या वयाचं कुणी असेल, तर आज रात्री टॉर्च घेऊन बघाच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा किंवा दातांचा काही ना काही आजार आहे. दुधाचे दात किडलेली मुलंच ५१ कोटींहून जास्त. आकडा इतका मोठा, की सगळ्या जगातले डेंटिस्ट सुट्टी काढून निघाले, तरी खुर्च्या पुरायच्या नाहीत.

आठ दिवसांचे देवदूत

तरीही लोक निघतात, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. 'ग्लोबल डेंटल रिलीफ' ही अमेरिकी संस्था नेपाळ, लडाख, कंबोडिया, ग्वाटेमाला, केनिया अशा ठिकाणी मुलांसाठी दवाखाने भरवत आली आहे. डेंटिस्टच नव्हे, तर दातांतलं काही न कळणारे स्वयंसेवकही सोबत जातात. 'मर्सी शिप्स'ची तरंगती हॉस्पिटलं आफ्रिकेच्या बंदरांत नांगर टाकतात, तिथेही दातांचं पथक असतं. दोन्हीकडे स्वयंसेवकाला पगार सोडाच, उलट खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. आपल्याकडचे तरुण डॉक्टरही अशा वाटा आता शोधू लागले आहेत.

पण शिबिराचं गणित समजून घ्या. हातात आठ दिवस, दारात काहीशे मुलं. रूट कॅनाल करायचं तर वेळ हवा, एक्स-रे हवा, पुन्हा बोलावणं हवं. सिमेंट भरलं तर ते टिकलं का, हे बघायला कुणीतरी हवं. या सगळ्यात एकच उपचार असा आहे, ज्याला 'पुन्हा या' म्हणावं लागत नाही. दात काढणं! म्हणून शिबिरांत दात काढले जातात. दुखणाऱ्या पोरासाठी ती सुटका असते, ते कमी लेखू नका. पण काढलेले दात मोजून शिबिर यशस्वी ठरवायचं, म्हणजे जळालेली घरं मोजून फायर ब्रिगेडला शाबासकी देण्यासारखं झालं.

त्यात आपल्या भागाचं स्वतःचं असं एक कॅलेंडर आहे. परदेशी पाहुण्यांना सोयीचा महिना कुठला? डिसेंबर. ख्रिसमसची सुट्टी, इथली हवा छान. आणि जामखेड-पाथर्डीकडच्या अनेक वाड्या-वस्त्या नेमक्या तेव्हा अर्ध्या रिकाम्या असतात! दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात. ज्यांच्या दातांची कधीच तपासणी होत नाही, ती पोरं त्या वेळी कुठल्यातरी साखर कारखान्याच्या थळात, कोपीत असतात. शिबिराच्या यादीत ती येणार तरी कशी? हे गावातल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. विमानाचं तिकीट काढणाऱ्याला नसतं.

मशेरीचंही तसंच. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड ग्रामीण महाराष्ट्रात कित्येक घरांत दात घासायला वापरतात. आईच्या बोटाची मशेरी लेकराच्या तोंडात जायलाही वेळ लागत नाही. बाहेरून आलेला डॉक्टर "ब्रश करता का?" विचारतो, आणि पोरं खुशाल "हो" म्हणतात. कशानं घासता, हा खरा प्रश्न!

जामखेडमध्ये काय घडलं?

आता जरा १९७० मध्ये जाऊ. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. माबेल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले नवरा-बायको अमेरिकेतलं पुढचं शिक्षण संपवून परत आले आणि थेट जामखेडला जाऊन बसले. तेव्हाचं जामखेड म्हणजे दुष्काळी तालुका. तिथे त्यांनी सर्वसमावेशक ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या भागात तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ पहिला वाढदिवसही बघत नव्हती.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावांत पाठवून पाहिल्या. जमलं नाही. बाहेरून आलेली तरुण नर्स गावात रुळेना, आणि गाव तिचं ऐकेना. मग गावकऱ्यांकडूनच सूचना आली, की आमच्यातलीच एखादी बाई शिकवा ना! गावांनी बायका निवडल्या. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येकजणी दलित. या बायका जामखेडला प्रशिक्षणाला यायच्या, जाती बाजूला ठेवून एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या आणि शिकलेलं घेऊन गावी परतायच्या. बाळंतपण, जुलाब, साखर-मिठाचं पाणी, लसी, आहार. जे कळलं ते शेजारणीला सांगायचं, एवढंच.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बालमृत्यूचा तो आकडा विशीच्या आसपास आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९२ पासून जामखेडला आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थाच सुरू झाली आणि जगभरातून लोक यायला लागले. माबेलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. पण गोष्ट तिथे थांबली नाही. देशात २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' ताई आल्या, त्यामागेही जामखेडसारख्या प्रयोगांचाच अनुभव होता.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग कुठला, सांगू? परदेशी पाहुणे जामखेडला येतात ते शिकवायला नाही, शिकायला. आणि त्यांच्या मास्तरणी कोण? याच बायका!

मुक्ताबाई पोळ ही त्यांच्यापैकीच एक. १९८८ मध्ये त्या वॉशिंग्टनला एका आरोग्य परिषदेत बोलायला गेल्या. सभागृहात झगमगती झुंबरं होती. मुक्ताबाईंनी त्यांच्याकडे बोट दाखवून सांगितलं, की हे झुंबर म्हणजे मोठे डॉक्टर, मोठी हॉस्पिटलं. लख्ख उजेड, पण महाग आणि वर टांगलेला. मग स्वतःजवळचा छोटा दिवा पेटवून म्हणाल्या, की मी ही अशी. उजेड थोडा, पण या दिव्यानं दुसरा दिवा लावता येतो. झुंबरानं येत नाही.

जामखेडचा प्रकल्प काही दातांसाठी नव्हता. पण दातांच्या बाबतीत आपण अजून झुंबरंच टांगतोय, असं मला वाटतं.

ड्रिल नको, वीजही नको

तुम्ही म्हणाल, जुलाब वेगळे आणि दाढ वेगळी. दातांना मशीन लागतं, खुर्ची लागते, डॉक्टर लागतो. बरोबर आहे, पण अर्धंच!

१९८० च्या दशकाच्या मध्यावर टांझानियात एक पद्धत आकाराला आली, तिला 'एआरटी' म्हणतात. वीज नसलेल्या गावांसाठीच ती काढली गेली. हातातल्या छोट्या अवजारानं दातातला किडलेला मऊ भाग खरवडून काढायचा आणि त्यात ग्लास आयोनोमर सिमेंट भरून बोटानं दाबायचं. ड्रिलची घरघर नाही, बहुतेक वेळा इंजेक्शनही नाही. वर हे सिमेंट हळूहळू फ्लोराईड सोडत राहतं. १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनाचा विषय तोंडाचं आरोग्य हा होता, तेव्हा या पद्धतीला जागतिक आरोग्य संघटनेनं उचलून धरलं.

दुसरी गोष्ट सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड. एक थेंब, छोट्या ब्रशनं किडलेल्या जागी लावायचा. बऱ्याच दातांत कीड तिथेच थांबते. मात्र ती जागा कायमची काळी पडते, म्हणून आधी आईला नीट सांगायला हवं, नाहीतर 'डॉक्टरनं दात जाळला' अशी बोंब उठायची. शिवाय सहा महिन्यांनी, वर्षानं तो पुन्हा लावावा लागतो. म्हणजे परत येणारं कुणीतरी लागतंच. हा थेंब, ते सिमेंट आणि फ्लोराईडची टूथपेस्ट या तिन्ही गोष्टी संघटनेनं २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात साधी. फिलिपिन्सच्या सरकारी शाळांत मुलं रोज रांगेत उभी राहून हात धुतात, फ्लोराईडच्या पेस्टनं ब्रश करतात आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी घेतात. शिकवतं कोण? वर्गशिक्षक. डॉक्टर लागतच नाही.

हे आपल्याकडे करायचं, तर हिशेब बघा. मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, म्हणजे पाव ग्रॅम. शाळेचे दोनशे दिवस धरले, तर वर्षाला पन्नास ग्रॅम. चाळीस पोरांच्या वर्गाला अख्ख्या वर्षाला दोन किलो पेस्ट! झेडपीच्या शाळेत दुपारी खिचडी होतेच. त्यानंतर पाच मिनिटं, आणि हौदाजवळ लक्ष ठेवणारे एक गुरुजी. एका माणसाच्या अमेरिका-भारत विमानखर्चात किती वर्गांचे ब्रश-पेस्ट होतील, ते तुम्हीच कॅल्क्युलेटरवर मांडा.

घराजवळचं 'अब्रॉड'

देशात तीनशेहून जास्त डेंटल कॉलेजं आहेत. एकट्या नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरमध्ये, निदान तीन. लोणी, संगमनेर आणि खुद्द नगर. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. लोणी आणि संगमनेर उत्तरेच्या पाण्याच्या, उसाच्या पट्ट्यात. लोणीजवळ तर विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० मध्ये तिथे पहिली साखर निघाली. साखर आणि दातांचं कॉलेज एकाच शिवारात, हा योगायोग मोठा मजेशीर आहे! पण जामखेड, कर्जत, पाथर्डी या दक्षिणेच्या कोरड्या तालुक्यांतून ही कॉलेजं लांबच. ऊस उत्तरेत पिकतो, तोडायला दक्षिणेतली माणसंही जातात, आणि दाढ ठणकली तर डॉक्टर पुन्हा उत्तरेतच!

सरकारी व्यवस्था अगदीच नाही असं नाही. २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतल्या मुलांची दोनदा तपासणी अपेक्षित आहे, आणि यादीत दातही आहेत. कागदावर नाव येतं. पुढे त्या मुलाला तालुक्याला, जिल्ह्याला नेणार कोण? रोज बुडतो, एसटीचं भाडं लागतं, आणि 'दात तर आहे' म्हणून राहून जातं.

नेमकी इथेच जागा रिकामी आहे. आणि ती भरायला पासपोर्ट लागत नाही. पुण्याहून जामखेड दोनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघालात, तर दुपारी खिचडीच्या वेळेला पोचाल. तुम्ही डेंटिस्ट असाल, तर एकच गाव धरा आणि वर्षातून चारदा त्याच गावाला जा. दरवेळी तीच पोरं, तेच कार्ड, तीच आशाताई. पहिल्या फेरीत दात कमी बघा, आणि आशाताईला, अंगणवाडीताईला सहाव्या वर्षीची दाढ ओळखायला शिकवा. तुम्ही डेंटिस्ट नसाल, तरी नोंदी ठेवणं, अवजारांच्या निर्जंतुकीकरणावर लक्ष ठेवणं, नाव आलेल्या मुलाला गाडीत घालून कॉलेजपर्यंत नेणं ही कामं आहेतच. इंजिनियरलाही जमतील!

आणि परदेशातल्या आपल्या मंडळींना इथे यायचं असेल, तर जरूर या. नगरच्या स्नेहालयात, जामखेडला परदेशी तरुण मुलं-मुली येऊन राहिली आहेत, भाकरी थापायलाही शिकली आहेत. फक्त येताना शिकायला या, आणि जाताना काहीतरी मागे ठेवून जा.

बॅग भरण्याआधी हे विचारा

• मी गेल्यावर या मुलांना पुन्हा कोण तपासणार? नाव आणि गाव सांगा.

• उपचारांची नोंद कुठे राहणार? माझ्या लॅपटॉपवर की गावातल्या शाळेत?

• अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक होतात ना? नुसती उकळून चालत नाहीत. कावीळ 'बी' दातांच्या अवजारांतूनही पसरू शकते.

• जे काम करायची मला घरी परवानगी नाही, ते इथे गरीब मुलावर करायला सांगताहेत का? विद्यार्थी असाल, तर हा प्रश्न दोनदा विचारा.

• त्या देशाच्या कौन्सिलची परवानगी आहे का? परदेशी डिग्री कितीही मोठी असली, तरी नोंदणीशिवाय भारतात दातांवर उपचार करता येत नाहीत. दुसरीकडेही साधारण तसंच असतं.

• शिबिराचा महिना कुणाच्या सोयीचा? माझ्या की मुलांच्या?

गेल्या महिन्यात गावी गेले होते. भाचीला सहावं संपत आलंय. मोबाईलचा टॉर्च लावून तिच्या तोंडात पाहिलं. सगळ्यात मागे, हिरडीतून एक पांढरं टोक वर आलेलं. आईला बोलावून दाखवलं. "हीच का ती?" म्हणून तिनं दोनदा विचारलं. थोड्या वेळानं बघते, तर ती चष्मा लावून अंगणात बसलेली, आणि शेजारच्या काकूंच्या नातवाला म्हणत होती, "आ कर बघू जरा. अजून मोठा..."